बुडाली म्हणून बेवारस होत नाही

अन्याय झाला तो नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या जलाशयाकाठी राहणाऱ्या एका नाववालीवर. कधी झाला तेही सांगते, कारण वेळ सांगितली नाही की लोक अन्यायाला नशीब म्हणायला लागतात. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी, ती किनाऱ्यावर भांडी घासत बसली होती तेव्हा. मोटरबोटीतून ठेकेदाराचा मुंशी उतरला. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं आणि तिच्या बुडालेल्या नावेचं टोक नुकतंच वर आलं होतं. त्या टोकाकडे हात करून त्यानं विचारलं, "ये किसकी है?" तिनं मान वर न करता तीन शब्दांत उत्तर दिलं. त्या तीन शब्दांवर मुंशीनं तिची नाव लावारिस ठरवली, टोकावर लाल रंगानं आकडा मारला आणि पुढच्या गावाकडे निघून गेला.

तिला मी काकी म्हणते. इथं तेवढीच ओळख पुरे.

मी जबलपूरची, राइट टाउनात वाढलेली. आजोबा वर्ध्याकडून नोकरीसाठी इथं आले ते इथलेच झाले. आमच्या घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, आणि घरातली मराठीही अशी की पुण्याचा पाहुणा आला तर तो दर दोन वाक्यांनी "काय म्हणालात?" विचारतो. मी पर्चे लिहिते. एका कागदाचे, दोन्ही बाजूंनी छापलेले. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. धरणात ज्यांची गावं गेली आणि जे नंतर त्याच पाण्यावर मासेमारी करून जगायला लागले, त्यांच्यात आम्ही काम करतो. पर्चा लिहिताना एक शिस्त लागते. पहिल्या ओळीत कोणाचं वाटोळं झालं ते सांगायचं आणि विशेषणं गाळायची. विशेषणांना कुठलंही सरकार घाबरत नाही.

त्या दिवसांत मी मासळीच्या ठेक्याचे पर्चे घेऊन काकीच्या गावात गेले होते. हातपंपाच्या खांबावर एक नोटीस चिकटवलेली दिसली. पाणी उडून अर्धी भिजली होती. किनारा साफ करायचा ठेका दिलेला आहे, किनाऱ्यावर व उथळ पाण्यात पडलेल्या लावारिस नावा पर्यटनाला अडथळा आहेत, सबब त्या जप्त करून लिलावात काढण्यात येतील, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावं. खाली त्या नावांवर मारलेले आकडे. मी वाचून दाखवलं तर बायका पंप हापसत ऐकत राहिल्या. जणू दुसऱ्याच कुठल्या गावाबद्दल असावं.

काकी म्हणाली, "वो लाल रंग वाला? हमने सोचा, गिनती कर रहे हैं."

"काकी, त्यानं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं?"

"जो सही था, सो बता दिया."

"काय?"

"मैया की है."

बाजूच्या बाईनं मान डोलावली. तिनंही तेच सांगितलं होतं. तिच्या दिरानंही. मुंशी किनाऱ्यानं जाईल तिथं विचारत गेला, आणि सगळ्या गावानं एकजात एकच उत्तर दिलं, मैया की है. मुंशीला एवढं सोपं काम आयुष्यात मिळालं नसेल.

नर्मदेकाठचं कोणी हे वाचत असेल तर त्याला समजावायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: मैया म्हणजे नर्मदा. काकीच्या लोकांत अशी रीत आहे की नाव बुडाली की ती मैयाच्या मांडीवर गेली. पाण्याखाली असेपर्यंत तिला 'माझी' म्हणायचं नाही. म्हटलं तर ते मैयाच्या हातातून हिसकावल्यासारखं होतं, आणि हिसकावलेली नाव पुन्हा माणूस घेऊन बुडते, असं मानतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे मिळून नाव ओढून काढतात, कोरड्या जमिनीवर आणतात, नारळ फोडतात, मालक तिच्या टोकावर हात ठेवून मागून घेतो, आणि मग ती पुन्हा त्याची होते. तोवर कोणीही विचारलं तरी उत्तर एकच. यात दान नाही, त्याग नाही, सोडून देणं तर मुळीच नाही. तुम्ही गाय मामाकडे ठेवली म्हणून ती खाटकाची होते का?

काकीची नाव आदल्या भादव्यात बुडाली होती. जलाशय वरून तळ्यासारखा दिसतो, पण वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा मारतो. ती पलीकडच्या गावातून कवेलू घेऊन येत होती, घर शाकारायला. लाट आत आली, कवेलूंच्या वजनानं नाव बसली, काकी वल्ह्याला धरून पोहत आली. काकांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून नाव तीच चालवत होती. पलीकडे माणसं नेणं, इकडे मासळी आणणं, जाळं टाकणं. नाव गेल्यावर हिवाळाभर ती दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला गेली. पाणी उतरायची वाट बघत होती. पाणी उतरू लागलं, आणि पुरतं उतरायच्या आधी मुंशी आला.

मी त्याच संध्याकाळी घरी येऊन हरकतीचा मसुदा लिहायला घेतला. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत असं की पोरगी शिकली खरी, पण उलट्या बाजूला बसली.

"काहून गं, आता काय लिहून राहिली?"

"नाव सोडवायची आहे."

"कोणाची?"

"एका काकींची. बुडालेली."

"बुडालेली नाव!" बाबांनी चष्मा काढला. "चलो. जमिनी झाल्या, मासे झाले, आता तळाशी गेलेल्या वस्तू. यानंतर कायच उरते?"

पण वाचायला त्यांनीच मागितलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "विनंती अर्ज काहून लिहिलं वर?"

"मग काय लिहू?"

"हे बघ. नाव तिची हाये का?"

"हो."

"मग तिची वस्तू तिनं उचलायला परवानगी कशाला मागायची? अर्ज केला की साहेबाला दोनच रस्ते दिसतात, नाही म्हणायचं नाहीतर फाईल दाबायची. सूचना दे. 'आम्ही अमुक दिवशी आमची नाव पाण्याबाहेर काढत आहोत, आपल्या माहितीसाठी.' पोच घे आणि ये. सूचनेला नकार देता येत नाही बेटा, तिला फक्त शिक्का मारता येतो."

आयुष्यभर ज्यांनी लोकांचे अर्ज दाबले असतील त्यांच्याकडून हे ऐकून मला हसू आलं. बाबांनाही आलं. पण शब्द मी बदलला.

मग मी कायदा उघडून बसले. जे सापडलं ते साध्या भाषेत सांगते, कारण हे कोणी साध्या भाषेत सांगत नाही. वस्तू बुडाली, वाहून गेली, चिखलात रुतली, तरी मालकी बुडत नाही. मालकानं ती सोडून दिली हे दाखवावं लागतं, आणि सोडून देणं म्हणजे परत कधीच घ्यायची नाही असं ठरवून सोडणं. बेवारस माल सापडला तर त्याचा जाहीर पुकारा करावा लागतो आणि मालकाला पुढे यायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. नदी-तलावातल्या बुडालेल्या जहाजांसाठी तर कायद्यात वेगळा अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्या अधिकाऱ्याचा पत्ता मी सिविल लाइंसमधल्या कचेऱ्यांत खिडकी-खिडकीला विचारला. एकानं वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यानं शेजारच्या इमारतीत, तिथल्या बाबूनं मला विचारलं, "मैडम, जबलपुर में जहाज़ कहाँ से आ गया?" सूचना मी तिघांकडेही दिली आणि तिघांचेही शिक्के घेतले.

आता खरी अडचण आली, आणि ती सरकारनं आणलेली नव्हती.

सूचनेसोबत मी काकीच्या वतीनं दिलेल्या हरकतीवर सुनावणी लागली. काकीनं साहेबांसमोर येऊन सांगायचं होतं की नाव तिची आहे. मी आनंदात गावात गेले. काकी चुलीपुढे बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नहीं."

"नाही म्हणजे?"

"नाव अबै पानी में है. मैं नईं कहूँगी."

"काकी, एक वाक्य म्हणायचंय."

"ओई तो नईं कहने."

मी तिला पर्चा वाचून दाखवावा तसं समजावलं. तारीख गेली की लिलाव होईल, ठेकेदार गॅसनं कापून नावेच्या तळाला ठोकलेला पत्रा भंगारात घालेल, लाकूड ढाब्याच्या चुलीत जाईल. ती भाकर थापत राहिली. मी आवाज चढवला. म्हटलं, मैयाला सगळं कळतं ना, मग तुमची मजबुरी नाही कळणार?

तेव्हा तिनं वर पाहिलं. "बिन्ना, तू अपने बाप से डरत है?"

"नाही."

"तो मैया से का डरेगी. मैं डरत हूँ. मोए रोज ओई में जाने है."

मी परतले आणि हे सगळ्यांना सांगितलं. आमच्या गटात एक मुलगा म्हणाला, ही अंधश्रद्धा आहे, आधी हिच्यावर पर्चा काढ. मी त्याला म्हटलं, काढ तू, आणि वाटायलाही तूच जा, पोहत. ज्या पाण्यात तिला उद्या उतरायचंय त्या पाण्याशी तिनं कसं बोलायचं हे ठरवणारा तू कोण आणि मी कोण? कायद्याला तिचं 'माझी' हवं होतं. काकीला कोरडी जमीन हवी होती. मग कोरडी जमीन आधी. सुनावणीआधी नाव बाहेर. सूचना देऊन झाली होतीच, शिक्क्यानिशी. फक्त दिवस बाकी होता, तो मी दुसऱ्या सूचनेनं कळवला.

बुडालेली नाव काढणं हे दोर बांधून ओढणं नसतं. मी तसंच समजत होते. नाव गाळानं भरलेली असते आणि गाळ तिला तळाशी चोखून धरतो. ओढलं तर लाकूड तुटतं, नाव हलत नाही. आधी चार-पाच जण छातीभर पाण्यात उतरले आणि घमेल्यांनी गाळ उपसू लागले. आतले कवेलू एकेक करून बाहेर आले, बरेचसे साबूत. काकी किनाऱ्यावरून ओरडली, "फोड़ियो मत, घर छाने है!" मग तळाखाली हात घालून दोन्ही बाजूंनी रिकामे ड्रम बांधले, तोंडं घट्ट बंद केलेले. ड्रमनी हळूहळू नाव उचलायला घेतली. एकदम एक मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज आला, चिखल सुटला, आणि ती डुगडुगली. किनाऱ्यावर बल्ल्या, म्हणजे गोल लाकडी वासे, आडव्या टाकल्या होत्या, त्यांच्यावरून ती ओढायची. दोराला सगळं गाव लागलं. बायका पुढे होत्या. "नर्मदे" म्हणून एक जण हाक देई, "हर" म्हणून सगळे ओढत. माझ्या हातांची कातडी निघाली. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "कागज वाले हाथ हैं, छोड़ दे." मी सोडला नाही.

अर्धी नाव बाहेर आली असताना मुंशी आला, ह्यावेळी मोटरसायकलवर. कोणीतरी फोन केला असणार. आल्या-आल्या मोबाइल समोर धरला.

"सरकारी माल को हाथ लगा रहे हो. वीडियो बन रहा है सबका."

मी म्हटलं, "बनाओ भैया. चेहरा साफ आने दो. तीन दफ्तर को सूचना है, यह देखो शिक्का."

"लावारिस लिखी है. तुम लोगों ने खुद बोला, मैया की है."

"तुमनें मैया से पूछी ती?" दोर न सोडता काकी म्हणाली. "नईं पूछी. मोसे पूछी. तो तुम गलत घर गए."

हशा पिकला. मुंशी चिडला, पण मोबाइल खाली केला नाही, आणि हे त्यानं फार चांगलं केलं. कारण त्याच्या समोर, त्याच्याच मोबाइलमध्ये, नावेचा शेवटचा भाग पाणी सोडून कोरड्या मातीवर आला. काकीनं दोर टाकला. पदर सारखा केला. तांब्यानं जलाशयाचं पाणी घेऊन नावेच्या टोकावर, त्या लाल आकड्यावर ओतलं, नारळ फोडला, दोन्ही तळवे ओल्या लाकडावर टेकवले आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. ते तिचं आणि मैयाचं. मग ती वळली, मुंशीकडे सरळ बघून म्हणाली, "अब पूछ."

मुंशी मोबाइल धरून उभा.

"पूछ न, किसकी है!"

त्यानं विचारलं नाही. तरी तिनं सांगितलं. एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या गावात ऐकू गेलं असावं. "मोरी आय!"

मी पुष्कळ घोषणा लिहिल्या आहेत. त्यातली एकही इतकी लहान नाही.

सुनावणीला काकी निळी साडी नेसून आली, जी ती लग्नकार्याला नेसते. बाबाही आले. म्हणाले, सहज आलोय, तिकडे एक काम होतं. काम काही नव्हतं. ते मागच्या खुर्चीवर बसून साहेबांच्या टेबलावरच्या फायली कशा लावल्यात ते बघत होते आणि नाक मुरडत होते.

साहेब म्हातारे नव्हते, वाईटही नव्हते. हे मुद्दाम सांगते. वाईट माणूस असता तर सोपं होतं. त्यांना फक्त कागद हवा होता. "रजिस्ट्रेशन?" नाही. "खरीद की रसीद?" नाही; नाव गावच्याच सुतारानं बांधली, तो मेला. "तो हम कैसे मानें?" मी म्हटलं, इतकी वर्षं तिच्या ताब्यात आहे, गावातले सगळे सांगतील, ताबा हीच मालकीची पहिली खूण. साहेब म्हणाले, गाव तर म्हणालं मैया की. आणि त्यांनी मुंशीनं पाठवलेला व्हिडिओ लावला, आम्ही सरकारी ताब्यातला माल पळवला हे दाखवायला.

त्याच वेळी शिपाई चहा घेऊन आत आला. साहेबांच्या खांद्यावरून त्याची नजर मोबाइलवर गेली आणि ट्रे तसाच हातात धरून तो वाकला.

"साहब, जा तो ओई नाव आय, वही वाली."

"कौन सी?"

"चुनाव वाली. मशीन ले के गए थे न हम लोग, उस पार के बूथ पे. इसी में बैठे थे." मग त्यानं काकीला पाहिलं. "अरे, बाई! नमस्ते. आप ही चला रही थीं."

काकी म्हणाली, "हओ. और तुमने मोरी नाव में उल्टी करी ती."

साहेब हसले नाहीत, पण त्यांना खोकला आला. बाबा मागून स्पष्ट मराठीत म्हणाले, "झालं. आता सरकारच साक्षीदार हाये." ज्या नावेत बसून सरकार मतं गोळा करायला गेलं, ती नाव सरकारला ओळखू येत नव्हती. ती चालवणारी बाईही नाही. शिपायाला ओळखू आली, कारण त्याचं पोट ढवळलं होतं.

त्या दिवशी नाही, पण पुढच्या बोलावण्यात आदेश निघाला. नाव परत करण्यात येत आहे. मी उड्या मारायच्या बेतात होते. काकीनं विचारलं, "का लिखो है, पूरो पढ़." मी वाचलं. अर्जदार महिलेची गरिबी लक्षात घेता, मानवीय आधारावर...

"जे का होत है? मानवीय आधार?"

मी म्हटलं, "म्हणजे दया येऊन."

काकीनं कागद माझ्या हातून घेतला आणि टेबलावर ठेवला. "साहब, हमने दया नईं माँगी. दया माँगने होती तो मैया से माँग लेते, पास में है. नाव हमाई है, सो लिखो."

मला खरं तर भीती वाटली. आलेला आदेश परत गेला तर? बाबांनी माझा हात दाबला, गप्प राहा म्हणून. साहेबांनी कागदाकडे बघितलं, काकीकडे बघितलं, पेन काढलं, ती ओळ खोडली, वर लिहिलं 'स्वामित्व मान्य', आणि बाजूला छोटी सही केली. काकीनं तेव्हा आपली सही केली, सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी.

घरी येताना बाबा स्कूटरवर मागे बसून म्हणाले, "मी एवढी नोकरी केली, पण आदेशातला शब्द कोणी बदलून नेताना नाही बघितला." मग थोड्या वेळानं, "गाडी हळू चालव, काहून उडवून राहिली?"

इथं थांबले असते तर ही छान गोष्ट झाली असती. पण मी छान गोष्टी सांगायला बसलेली नाही.

हातपंपावरच्या त्या नोटिशीत काकीची एकच नाव नव्हती. खाली आकड्यांची रांग होती. हरकत काकीची आली, आणि बाजूच्या दोघा-तिघांची आम्ही धावपळ करून दिली. बाकीच्या नावांचे मालक गावात नव्हते. नाव बुडाली म्हणून कमाई बुडाली, म्हणून ते नागपूरला, पुण्याला, सुरतेला कामावर गेले होते. पाणी उतरलं की येणार होते, नाव मागून घ्यायला. त्यांना ना पुकारा ऐकू गेला, ना नोटीस दिसली. मुदत संपल्यावर ठेकेदाराचा ट्रक आला. मी तिथं होते. सूचना, कायदा, शिक्के, सगळं दाखवलं. मुंशी म्हणाला, "मालिक को लाओ, दीदी. मालिक कहाँ है?" आणि ह्या प्रश्नाला माझ्याकडे खरंच माणूस नव्हता. मी ट्रकच्या पुढे उभी राहिले, माझ्याबरोबर काकी, तिच्याबरोबर अर्धं गाव. संध्याकाळपर्यंत ट्रक अडला. दुसऱ्या दिवशी पोलीस घेऊन आला. नावा किनाऱ्यावरच कापल्या. पत्रा वेगळा, लाकूड वेगळं.

त्यातल्या एकीचा मालक दिवाळीला आला. किनाऱ्यावर जिथं त्याची नाव वर ओढून कापली तिथं आता पर्यटकांसाठी सिमेंटचं बाक आहे. तो थोडा वेळ बाकासमोर उभा राहिला, बसला नाही. काकी त्याला म्हणाली, माझ्या नावेत जाळं टाक, एक दिवस तुझा, एक दिवस माझा. तो दोन दिवस राहिला आणि परत नागपूरला गेला. म्हणाला, दुसऱ्याच्या नावेत हात चालत नाही.

काकीची नाव आज पाण्यात आहे. नवं डांबर लावलंय. शाळेतल्या बाई तिच्यातूनच पलीकडे जातात. पण ठेका अजून चालू आहे, आणि पुन्हा उन्हाळा येईल, पुन्हा पाणी उतरेल, पुन्हा कुठल्या तरी हातपंपावर आकडे लागतील. ज्यांची नाव बुडालीय ते पुन्हा तिथं नसतील. ते तुमच्याकडे असतील.

म्हणून हे मराठीत लिहिलं. तुमच्या सोसायटीच्या मागे जी इमारत उभी राहतेय तिथं वाळू चाळणारा, सळ्या वाकवणारा, रात्री गेटवर बसणारा माणूस कुठून आलाय हे तुम्ही कधी विचारलं नसेल. आज विचारा. नदीकाठचा असेल तर पुढचं विचारा: तुझी नाव आहे का, कुठं आहे, बुडालीय का? तो सांगेल ते कागदावर उतरवा, त्याची सही किंवा अंगठा घ्या, आणि त्याच्या जिल्ह्याच्या दफ्तरात रजिस्टर पोस्टानं पाठवा, पाणी उतरायच्या आत. तुम्हाला लिहिता येतं, पोस्ट तुमच्या रस्त्यावर आहे. उठा.